काळीवरचं मोहफूल

लटारूच्या उजव्या डोळ्याची बाहुली आता सगळी काळी नव्हती. मध्यभागी राखाडी थर होता, कंदिलाच्या काचेला आतून वाफ धरावी तसा. आणि त्या थराच्या एका कडेला काळी कोर उरली होती, कापलेल्या नखाच्या तुकड्याएवढी. सकाळी तो दारात पूर्वेकडे तोंड करून चूळ भरायला उभा राहिला की त्याची बायको भागीरथा तांब्या पुढे करताना ती कोर बघून घेई. दिवाळीत ती सहज दिसत होती. संक्रांतीला बारीक झाली. आज तिला ती शोधावी लागली. डाव्या डोळ्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. तो गेल्या पावसाळ्यात सबंध पांढरा झाला, महिनाभर दुखत राहिला आणि मग दुखायचाही थांबला.

"पाह्यलं का?" चूळ थुंकून लटारू म्हणाला.

"काय जी?"

"रोज पाह्यतेस ते. मले दिसत नसंल, पण कळते."

"हाये अजून," ती म्हणाली.

"हाये नं? मंग आज कोट माह्याच अंगावर."

चांदा जिल्ह्यातल्या त्या कोळशाच्या खाणीवर इंग्रज साहेबांनी जाताना नऊ होलांचं गोल्फचं मैदान मागे ठेवलं होतं. आता त्यावर देशी अधिकारी खेळत. पण मार्चअखेर हंगाम संपताना जी शेवटची स्पर्धा होई ती अधिकाऱ्यांची नसे. ती पगारी खेळाडूंची असे. ज्यांनी पोरवयात साहेबांच्या बॅगा वाहिल्या आणि वाहता वाहता साहेबांहून चांगलं खेळायला शिकले, त्यांची. कामठीच्या छावणीतून, नागपुरातून, नदीकाठच्या कागद कारखान्यातून ते येत. जिंकेल तो पुढच्या हंगामाचा मुख्य खेळाडू. मैदानाच्या कडेचं विटांचं क्वार्टर, अंगणातल्या नळासकट, वर्षभर त्याचं. हरेल त्याने आठवड्यात ते रिकामं करायचं.

आणि कोट. पहिल्या मॅनेजरने मागे टाकलेला जाड लोकरीचा कोट विजेत्याने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अंगात घालायचा, असा रिवाज होता. उन्हाने दगड तडकतात अशा दिवसांत. त्याचा घाम कुठवर आला यावर अधिकारी हसत, आणि विजेताही हसे, कारण क्वार्टर त्याचं झालेलं असे.

लटारूने तो कोट चारदा घातला होता. पहिल्या दोन वेळा स्वतःच्या डोळ्यांवर, नंतरच्या दोन वेळा भागीरथेच्या.

त्यात फसवणूक अशी नव्हती. बॅग वाहणाऱ्याने खेळाडूला दिशा सांगितलेली चालते, आणि बॅग बायकोने वाहू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लांबचे फटके लटारूच्या अंगात मुरलेले होते. पाय कुठे रोवायचे ते तो तळव्यांना लागणाऱ्या मुरमावरून ओळखी. चेंडू कुठे पडला ते भागीरथा बघे, आणि तिच्या कोपरावर हात ठेवून तो तिथवर चालत जाई. बघणाऱ्याला वाटे, म्हातारपणी बायकोचा आधार घेतोय. फटका बिघडला की त्याच कोपराच्या आतल्या बाजूला, पदराखाली, त्याची नखं रुतत. तिथली कातडी आता बाकीच्या हाताहून वेगळ्या रंगाची झाली होती.

शेवटचं काम सोपं होतं. या जमिनीत हिरवळ टिकत नाही, म्हणून प्रत्येक होलाभोवती वाळूत इंजिनाचं जळकं तेल कालवून गोल सपाट जागा केलेली होती. सगळे तिला काळी म्हणत. काळीवर पांढरा चेंडू, एवढा फरक लटारूच्या उजव्या डोळ्याला अजून कळे. भागीरथा लाकडी फळीने वाळू सारखी करी, होलाच्या पलीकडे जाऊन उभी राही आणि हलकेच "हं" म्हणे. तो त्या आवाजाकडे चेंडू ढकली.

नागभीडला, तिच्या माहेरी, हिवाळ्यात शाळेत डोळ्यांचे डॉक्टर येत. दोन वर्षांपूर्वी तिने त्याला तिथे नेलं होतं. डॉक्टरांनी विजेरी डाव्या-उजव्या बाजूने धरली आणि विचारलं, उजेड कुठून येतोय? दोन्ही डोळ्यांनी त्याने बरोबर सांगितलं. "मोतीबिंदू पिकत आलाय. काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "नंतर जाड भिंगाचा चष्मा."

चष्मा म्हटल्यावर लटारू उठला. कामठीच्या एका जुन्या खेळाडूला चष्मा लागला तेव्हा क्लबचे सेक्रेटरी गुणवंतराव सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आम्हाला नेम शिकवणारा हवाय, पोथी वाचणारा नको."

यंदाच्या हिवाळ्यात ती त्याला पुन्हा घेऊन गेली. डाव्या डोळ्यासमोर विजेरी कुठेही नेली तरी तो गप्प राहिला. उजव्याने दिशा सांगितली, पण थोडा विचार करून. डॉक्टरांनी विजेरी बंद केली आणि तिच्याशीच बोलले. "डावा आतल्या आत नासला. तो आता देवही देऊ शकत नाही. उजव्याला उजेड कळतोय तोवर याला नागपूरला मोठ्या दवाखान्यात ने. पुढच्या हिवाळ्यात मात्र आणू नकोस. उगाच गाडीभाडं."

गुणवंतरावांना जाऊन सांगायचं आणि याला मोकळं करून न्यायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं. परतीच्या गाडीत लटारूने तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "बोललीस तं माह्या मढ्याची आन." ती बोलली नाही. संक्रांतीला बोलणार होती. होळीला बोलणार होती. आता तिच्या मनाने एक हिशेब मांडला होता, जो तिला स्वतःलाही आवडत नव्हता: आज तो हरला तर घर जाईल आणि डोळा राहील, जिंकला तर घर राहील आणि डोळा जाईल. ती त्याची बॅग वाही, त्याला खरी दिशा सांगे आणि तो हरावा म्हणून मनात देवाला हात जोडी.

सकाळी खेळाआधी जुन्या विजेत्यांना क्लबच्या व्हरांड्यात बसवण्याची पद्धत होती. एरवी पगारी खेळाडूंनी पायऱ्या चढायच्या नसत. त्यांचा चहा मागच्या भिंतीवर ठेवलेल्या कान तुटलेल्या कपांतून मिळे. या एका दिवशी खुर्च्या आणि बशीसकट कप. मागे भिंतीवर फळा, त्यावर विजेत्यांची नावं, जाड पांढऱ्या रंगाने लिहिलेली. लटारूला वाचता येत नव्हतं. लवकर येऊन, कुणी नसताना, तो फळ्यावर बोट फिरवी. आपलं नाव किती लांब आणि त्यातला शेवटचा फराटा कसा वळतो हे त्याच्या बोटाला पाठ होतं.

खाणीवर नवा आलेला इंजिनिअर खुर्च्यांसमोरून हस्तांदोलन करत चालला होता. लटारूपुढे येऊन त्याने तोंडाने काही न बोलता हात पुढे केला. लटारू समोर बघत बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू होतं. इंजिनिअरने हात मागे घेतला नाही. तो तसाच हवेत धरून त्याने मान वळवली आणि बाकीच्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. कुणीतरी नाकातून हसलं. गुणवंतरावांनी बशीतला चहा फुंकला आणि डोळे मिचकावले.

पायऱ्यांखाली बॅग घेऊन उभ्या असलेल्या भागीरथेने हे सगळं पाहिलं. यांना माहीत आहे, तिच्या लक्षात आलं. आजच नाही, केव्हापासूनच. तरी त्यांनी त्याला खेळू दिलं होतं. जत्रेत लोक अस्वलाला नाचू देतात तसं.

"भाऊ," ती खालून मोठ्याने म्हणाली, "साहेब हात देऊन राह्यले."

लटारू धडपडून उठला. कप कलंडला आणि चहा त्याच्या धोतरावर सांडला. सगळे मोकळेपणी हसले. हसायला आता कारण होतं.

"चार वेळचा विजेता," इंजिनिअर म्हणाला, "आणि कपाला नेम नाही!"

पहिल्या होलाकडे जाताना लटारूची नखं तिच्या कोपरात रुतली. "भाऊ म्हन्लीस मले? लोकाइसमोर? नवऱ्याले?"

"मंग काय म्हनू? नाव घेऊ?"

"गप राह्य. चाल."

दोन फेऱ्या खेळायच्या होत्या. ऊन चढायच्या आत खेळ संपावा म्हणून सकाळी लवकरच सुरुवात झाली होती. कामठीवाले आणि नागपूरवाले दुसऱ्या फेरीच्या मध्यावर मागे पडले. राहिला वारलू.

वारलू भागीरथेचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, लग्न झालं तेव्हा सोबत इथे आणलं. खेळायला लटारूने शिकवलं, काठीच्या मुठीने पाठीत मारून. शिष्य चांगला निघाला. आता तो खाणीच्या रेल्वे सायडिंगजवळच्या झोपडीत राही. तिथे भाकरीवर कोळशाची बुकणी बसते. नळाचं क्वार्टर त्यालाही हवं होतं, आणि हे त्याने कधी लपवलं नव्हतं.

"भाटवे," तो प्रत्येक होलावर लटारूला म्हणे, "कोट धुवून ठेवला का? मागच्या घामाचा वास येऊन राह्यला म्हन्ते."

"तुह्या खांद्यावर थो उभा नाई राह्यचा, बाप्पा. खांदे पाह्यजे त्याले."

"खांदे हायेत. तुमीच बडवून बडवून रुंद केले."

लटारू हसला. वारलूच्या टोमण्यांनी त्याचा हात सैल होई, फटका चांगला बसे. दोघे एकमेकांना असेच खेळवत शेवटच्या होलापर्यंत आले. वारलू एका फटक्याने पुढे होता.

शेवटच्या काळीच्या कडेला मोहाचं मोठं झाड होतं. मार्चमध्ये पहाटे त्याची फुलं गळतात. पिवळट पांढरी, रसाळ, चेंडूच्या निम्म्याहून लहान. एरवी जंगलगावच्या सोमारी आणि मंगली उजाडायच्या आत टोपल्या घेऊन येत आणि एकूण एक फूल वेचून नेत, त्यामुळे काळी स्वच्छ असे. पण पाहुण्यांसमोर टोपलीवाल्या बाया नकोत म्हणून गुणवंतरावांनी आज त्यांना कुंपणाबाहेर थांबवलं होतं. त्यामुळे फुलं जिथे पडली तिथेच होती.

वारलूचा चेंडू होलापासून दोन हातांवर होता. लटारूचा काळीच्या दुसऱ्या टोकाला. वारलूची बॅग वाहणारा पत्रू होलातला झेंडा काढून, पाठमोरा, तो कडेला ठेवायला गेला. व्हरांडा लांब होता. तिथून माणसं दिसत, त्यांच्या हातातलं दिसत नसे. भागीरथा फळी ओढत होती. वारलू आपल्या चेंडूजवळ वाकला. चेंडूला लागून एक मोहफूल पडलं होतं. त्याने ते उचललं. तशी परवानगी असते. मग इकडचा कुठलाही माणूस करतो तेच त्याने केलं. फूल तोंडात टाकलं.

"ठेव!" लटारू ओरडला. "ठेव थो खाली!"

वारलू दचकला. "काय ठेवू?"

"चेंडू उचललास तू. पांढरा उचललास, आन् सरकवून ठेवला. मी पाह्यलं."

"भाटवे, मजाक सोडा."

"मी पाह्यलं!" लटारूचा आवाज फाटला. त्यात कावा नव्हता. भागीरथेने त्याचं तोंड पाहिलं आणि तिला कळलं की त्याला पुरती खात्री आहे. काळ्यावर एक पांढरा डाग होता, हात आला, डाग वर गेला, आणि हात गेल्यावर डाग पुन्हा तिथेच होता. जे त्याला दिसलं तेच तो सांगत होता. आयुष्यभर त्याने खेळात खोटेपणा केला नव्हता.

व्हरांड्यातले सगळे खाली आले. गुणवंतराव पुढे, हातात अजून कप. पगारी खेळाडूने चेंडू हलवला तर शिक्षा ठरलेली होती: तो बाद, आणि ते सगळ्या क्लबांना कळवलं जाई. मग कामठीपासून जबलपूरपर्यंत कुणी त्याच्या हातात काठी देत नसे, बॅगही देत नसे.

"काय उचललंस?" गुणवंतरावांनी विचारलं.

"मोहाचं फूल होतं, साहेब."

"दाखव."

वारलूचा जबडा अजून हलत होता. "खाल्लं."

हशा झाला. इंजिनिअर पोट धरून वाकला. "पुरावा खाल्ला! अरे, जीभ दाखव, जीभ!"

आणि वारलूने, चार मुलांच्या बापाने, खरोखरच तोंड उघडून जीभ दाखवली. त्यामुळे ते आणखीनच हसले.

"पत्रू?"

"माही पाठ होती, साहेब."

"असं." गुणवंतरावांनी कप पत्रूच्या हाती दिला, जणू तो त्यासाठीच उभा होता. "मग सरळ आहे. लटारू म्हणतो, मी डोळ्यांनी पाहिलं. वारलू म्हणतो, मी हलवला नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतोय. वारलू खोटा असेल तर त्याचा खेळ आजपासून संपला. लटारू खोटा असेल तर खोटा आळ घेणाऱ्याचं नाव आमच्या फळ्यावर राहणार नाही. चारही वर्षांचं खरवडून काढू. बाई, काळीवर तू होतीस. बोल."

"फूलच होतं, साहेब," भागीरथा म्हणाली.

"म्हणजे नवरा खोटारडा?"

"नाई जी. थे खोटं नाई बोलत."

"फूलही होतं आणि तोही खरा? हे कसं?" त्यांचा आवाज मऊ होता, शाळेत गणित अडलेल्या पोरीला विचारावं तसा. "समजावून सांग बघू."

कुणी हसलं नाही. सगळे थांबले होते. भागीरथेने एकेका तोंडाकडे पाहिलं. त्यातल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. कुणीही एक शब्द बोलला असता तर हे संपलं असतं. त्यांना ते तिच्याकडून ऐकायचं होतं.

"बाई," वारलू हळूच म्हणाला. लहानपणापासून तो तिला याच नावाने हाक मारी. "राहू दे. मी जातो. खानीत टोपली वाहीन."

"हा बघा, कबूल करतोय," इंजिनिअर म्हणाला.

"कबूल नाई करून राह्यला थो!" ती म्हणाली.

लटारू चाचपडत तिच्याजवळ आला. त्याचा हात सवयीने तिच्या कोपरावर पडला आणि नखं नेहमीच्या जागी रुतली. ओठ न हलवता तो पुटपुटला, "तुह्या भावासाठी बोलशील? घर जाईन. नाव जाईन. आन हाये तुले. माह्या मढ्याची आन."

"काय म्हणतोय तो?" गुणवंतराव म्हणाले. "मोठ्याने बोल, लटारू. आम्हालाही ऐकू दे."

"काई नाई, साहेब," लटारू म्हणाला आणि हसला. ज्या बाजूला हसला तिथे कुणीच नव्हतं. गुणवंतराव दुसऱ्या बाजूला उभे होते.

पुन्हा कुणीतरी नाकातून हसलं.

भागीरथेने फळी खाली ठेवली. त्याची बोटं एकेक करून कोपरावरून सोडवली. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने उन्हाकडे वळवला, भर लोकांत. कोर बघायला ती वाकली. मिळेपर्यंत शोधत राहिली. मग साहेबांकडे न बघता, त्याच्याच तोंडासमोर, व्हरांड्यातल्या खानसाम्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली,

"यायले दिसत नाई. डावा मेला, उजव्यात उजेड हाये फक्त. घर घ्या, नाव खरडून टाका. मी यायले आजच्या गाडीनं नागपूरले नेऊन राह्यली."